त्याला कळू देऊ नकोस

आमच्या घरात एखादी वस्तू बिघडली की ती आधी माझ्यापासून लपवली जाते. म्हणजे बाकीच्यांकडे कसं, "अगं त्याला विचार, त्याला कळतं त्यातलं" असं असतं, आमच्याकडे "त्याला कळू देऊ नकोस" असं असतं आणि हे म्हणणारी माझी सख्खी आई असते.

परवा ओट्यावर एकदम खलबत्ता आला. बायको म्हणे कुटलेल्या चटणीची चवच वेगळी. लग्न झाल्यापासून हिने तो खलबत्ता फक्त बाल्कनीचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून वापरलाय, त्यामुळे मला लगेच संशय आला. मिक्सर जागेवर नव्हता. शोधला तर माळ्यावर सापडला, जुन्या चादरीत गुंडाळून, गणपतीच्या मखराच्या मागे. काढला, उलटा केला, बुडाशी लाल बटण असतं ते दाबलं, सरळ केला, चालू! ओलं खोबरं पाणी न घालता फिरवत बसलं की मोटरवर लोड येतो, मग ती जळू नये म्हणून ते बटण टपकन बाहेर येतं आणि करंट तोडतं, मोटर थोडी गार होऊ द्यायची आणि परत आत दाबायचं, संपला विषय. आता इथे खरं तर माझं कौतुक व्हायला हवं होतं. पण मिक्सर हातात आलाच होता म्हणून जारखालचा कपलर बघितला, त्याचे दात झिजलेले दिसले, मग म्हटलं कार्बन ब्रश पण बघूनच टाकू, त्याला खालचं झाकण उघडावं लागतं, ते उघडलं तर आत कित्येक वर्षांचं दाण्याचं कूट, मग ते ब्लोअरने उडवलं, मग ते कूट फ्रिजच्या मागे गेलं, मग फ्रिज सरकवला, आणि फ्रिज सरकवलाच आहे तर... असो. रात्री बाहेरून पावभाजी मागवली.

मिक्सर परत जोडल्यावर एक स्क्रू उरला, यावर आमच्याकडे अजून पाहुण्यांसमोर बोललं जातं. स्क्रू उरला म्हणजे काहीतरी बिनसलं हा लोकांचा गैरसमज आहे. कंपनीवाले घाबरट असतात, गरजेपेक्षा जास्तच टाकतात.

पंख्याचं पण तेच. हॉलमधला पंखा पाचवर ठेवला तरी पाती मोजता यायला लागली होती, आणि आई घडी घातलेल्या पेपरने वारा घेत मला सांगत होती, "यंदा उकाडाच नाही बघ." एप्रिल. पुणे. बनियन भिजलेला. मी काही न बोलता मल्टीमीटर आणला. पंखा असा हळूहळू मंदावला, बेअरिंगचा आवाज नाही, तर दहातल्या नऊ वेळा कंडेन्सर गेलेला असतो, दांडीच्या खालच्या वाटीत बसलेला तो छोटा डबा. वर २.५ मायक्रोफॅरड लिहिलेलं, मीटरवर दीड पण येईना. यात फार मोठं काही नसतं, जेमतेम काही रुपयांचा पार्ट, तापकीर गल्लीत कुठल्याही दुकानात "अडीचचा द्या" म्हटलं की वर न बघता काउंटरवर टाकतात. (मी तिथे जाताना घरी "जरा आलोच" म्हणून सांगतो आणि तीन तासांनी येतो, सोबत कंडेन्सर, शिवाय ज्याची आपल्याला गरज होती हे दुकानात गेल्यावरच कळलं अशा बऱ्याच गोष्टी.)

तर एमसीबी पाडला, रबरी चप्पल घातली, टेस्टर लावून बघितला, स्टुलावर चढलो. खाली बघतो तर आई लाटणं घेऊन उभी. म्हटलं हे काय? तर म्हणे "शॉक लागला तर हाताने ओढायचं नसतं, लाकडाने ढकलायचं असतं." म्हटलं अगं मेन बंद आहे. तर म्हणे "तू बंद केलायस ना, म्हणून." मी दोन वायरी काढून दोन जोडेपर्यंत ती माउली लाटणं माझ्या गुडघ्यावर रोखून उभी होती, मुलगी मोबाईलवर शूटिंग करत होती, आणि बायको "कार्पेटवर पाडू नकोस" म्हणत होती, काय पाडू नको ते तिने सांगितलं नाही. पंखा लावला आणि असा फिरला की पेपर उडाले, कॅलेंडर भिंतीवर थाडथाड आपटायला लागलं, आणि अर्ध्या तासात आई शाल घेऊन बसली. "एवढा कशाला करायचा होता रे?"

बल्बचा किस्सा मात्र ते लोक मुद्दाम तिखटमीठ लावून सांगतात म्हणून खरं काय ते सांगतो. मी सगळ्या घरात स्मार्ट बल्ब लावलेत, मोबाईलवरून बंद-चालू होणारे. आता त्यांना वायफायवर राहायचं तर करंट सतत चालू लागतो, म्हणून भिंतीवरच्या बटणांना मी सेलोटेप लावली, कुणी सवयीने बंद करू नये म्हणून, हे कोणीही शहाणा माणूस करेल. एका रात्री लाइट गेले, तेव्हा इन्व्हर्टर नव्हता. गेले तर गेले. आले पहाटे तीनला. या बल्बांना करंट गेला की मोबाईलवरून बंद केलेलं आठवत नाही, ते नव्याने जन्मल्यासारखे फुल्ल पांढरे पेटतात, आणि राउटर जागा व्हायला दोनेक मिनिटं घेतो तोपर्यंत ते मोबाईलचं ऐकत नाहीत. म्हणजे तीन वाजता लग्नाच्या हॉलसारखं घर, सगळे उठून बसलेले, मी मोबाईल घेऊन "थांबा थांबा कनेक्ट होतंय" म्हणतोय आणि बायको नखांनी सेलोटेप उकरतीये. आईने तर दात घासून चहापण टाकला होता. करंट आल्यावर बल्ब बंदच राहावा अशी सेटिंग असते, आता केलीये, पण ते कोणी सांगत नाही.

टीडीएस मीटरमुळे सासुरवाडीला जरा गैरसमज झाला, तो वेगळाच विषय. पेनाएवढं यंत्र, पाण्यात बुडवलं की क्षार किती ते दाखवतं, पिण्याच्या पाण्याला ५०० पर्यंत चालतं असं आपलं सरकारी मानक म्हणतं. मी फक्त सरबताआधी आलेल्या पाण्यात बुडवून बघितलं. १८० आलं, उत्तम आलं, तसं मी मोठ्याने सांगितलं पण, तरी सासरे गप्प झाले.

तेव्हापासून आमच्याकडे मी ऑफिसला गेलो की इलेक्ट्रिशियन दादांना बोलावतात. मला कळत नाही असं त्यांना वाटतं. गीझरच्या वायरीला काळी टेप होती, आणि मी आयुष्यात निळ्याशिवाय टेप वापरलेली नाही. विचारलं तर बायको म्हणाली पहिल्यापासूनच असेल. मुलीला आइस्क्रीम दिल्यावर सगळं बाहेर आलं: दादा आले, एलिमेंटवरचे क्षार काढून वीस मिनिटांत गेले, आणि जाताना म्हणाले, "साहेबांना सांगू नका, ते परत उघडतील." साहेब म्हणजे मी. टँकरच्या पाण्याने एलिमेंटवर पापुद्रे धरतात हे मी गेली दोन वर्षं घसा फोडून सांगतोय, पण ते काढायला बाहेरचा माणूस.

आणि आता परवापासून घरात बारीक बीप ऐकू येतंय. रात्रीचं, थांबून थांबून. मी विचारलं तर आई म्हणाली रातकिडा असेल. चौथ्या मजल्यावर. बायकोने टीव्हीचा आवाज वाढवला, सगळे इतक्या मनापासून सिरियल बघायला लागले की जाहिराती लागल्या तरी कोणी हललं नाही. इन्व्हर्टरच आहे तो, बॅटरीतलं पाणी उतरलं असणार, तिच्यावरच्या खुणा बघितल्या की कळेल. कपाटाची किल्ली मात्र कोणाकडे आहे ते कोणाला आठवत नाहीये.

कपाटाच्या बिजागऱ्यांना बाहेरून चार-चार स्क्रू आहेत.