डास मारायचेत? आधी बॅनर छापा

तुमच्या प्रभागात डेंगी आलाय? काळजी सोडा. परवाच आमच्या सोसायटीमागच्या नाल्यावर ड्रोनने औषधफवारणीचा भव्य शुभारंभ झाला. तो सोहळा गॅलरीतून याचि देही याचि डोळा पाहिल्यामुळे मी आता या विषयातला जाणकार आहे. सूचना फुकट देतो.

सर्वात आधी बॅनर. औषध काय, येईल मागून.

मग मुहूर्त. फवारणी पहाटे किंवा सूर्य मावळताना करावी, तेव्हा जमिनीलगतची हवा थंड असते, औषधाचे बारीक थेंब खाली टिकतात, असं जाणकार सांगतात. सांगू देत. पहाटे नेते उठतात का? तुम्ही रविवारचे साडेअकरा धरा. ऊन मस्त तापलेलं असतं, फोटो चांगले येतात, आणि गरम हवेबरोबर निम्मं औषध वर जातं. घारींना डेंगी व्हायला नको.

आता ड्रोन. नारळ फोडा, हार घाला (पंख्यात अडकणार नाही असा), आणि सोडा नाल्यावर. नाल्यावरच सोडायचा, हे महत्त्वाचं. आमच्याकडे रुग्ण डेंगीचे, म्हणून औषध नाल्याला. नाल्याच्या काळ्या पाण्यात वाढतो तो क्युलेक्स, रात्री कानाशी गुणगुणणारा. डेंगी पसरवणारा एडिस वेगळा. अंगावर पांढरे पट्टे, चावतो दिवसा, आणि अंडी घालायला त्याला आपल्या घरातलं साठवलेलं पाणी लागतं. उडून उडून जातो तो चार-पाच इमारतींपलीकडे, तेवढाच. म्हणजे चावणारा डास बहुतेक तुमच्याच आवारात जन्मलेला असतो. पण शेजाऱ्याच्या कूलरवर ड्रोन उडवला तर शेजारी चिडतो, मतदान करत नाही. नाला चिडत नाही. म्हणून नाला! दहा मिनिटांत बॅटरी संपली, पोरगं दुसरी बॅटरी शोधत बसलं, तोवर भाषण झालं. वारा आमच्या बाजूचा, त्यामुळे गॅलरीत वाळत घातलेल्या चादरीवर पिवळट ठिपके पडले, आणि आत पोरगी तापाने फणफणलेली. टाळ्या वाजल्या हो! कशाला वाजवल्या टाळ्या? कुठलं औषध, किती प्रमाणात, हे विचारलं तर म्हणे, ‘साहेबांना विचारा.’ साहेब फोटोत होते.

ड्रोनला नावं ठेवायची नाहीत मला. फेब्रुवारी 2024 मध्ये पुण्यात केशवनगर-खराडीकडे मुळा-मुठेवर उठलेले डासांचे ते गरगरते खांब साऱ्या देशाने मोबाईलवर पाहिले. जलपर्णीने भरलेल्या तसल्या नदीत, जिथे माणूस उतरू शकत नाही, तिथे जरूर न्यावा. पण तिथे बॅनर कुठे बांधणार?

मधमाश्यांचा विचार अजिबात करू नका. अमेरिकेत, दक्षिण कॅरोलायनातल्या डॉर्चेस्टर काउंटीत 28 ऑगस्ट 2016 ला झिकाच्या धास्तीने सकाळी विमानातून नॅलेड हे कीटकनाशक फवारलं आणि लाखो मधमाश्या पोळ्यांपुढे मरून पडल्या. मध काय, दुकानात मिळतो.

गप्पी मासे सोडायचे तर फोटोग्राफर आल्यावरच सोडा.

संध्याकाळी धुराची गाडी आली की पटापट खिडक्या-दारं लावून घ्या. एडिसबाई पलंगाखाली, पडद्यामागे, कपाटाच्या फटीत विसावलेल्या असतात, त्यांना ठसका लागू नये. त्यातून धुराने मरतात ती फक्त उडती मंडळी. पाण्यातल्या अळ्यांना त्याचा पत्ताही नसतो. आठवडा-दहा दिवसांत नवी फौज तयार, मग तुम्ही ग्रुपवर ‘गाडी फिरकलीच नाही’ असा मेसेज टाकायला मोकळे.

प्लेटलेट घसरल्या की किवी आणा. फळवाला वाट बघतोय.

आणि घरोघरी कुंड्या तपासायला येणाऱ्या महापालिकेच्या बायका? त्यांना वॉचमनकडून गेटवरूनच परत पाठवा. आमच्या चेअरमननी तेच केलं. त्याच चेअरमनच्या दारातल्या मनीप्लांटच्या ताटलीत मी वाकून पाहिलं. बोटभर पाणी, त्यात डोकं खाली करून लटकलेल्या अळ्या. माझी सावली पडली तशा सगळ्या वळवळत तळाला गेल्या. बेल वाजवून दाखवलं, तर म्हणाले, ‘अहो, परवाच ड्रोन झाला ना?’

ड्रोन झाला! काय झाला? तुमच्या ताटलीत शिरला तो? फ्रिजमागच्या ट्रेमध्ये शिरला? गच्चीवर झाकण उडालेली टाकी आहे, त्याबद्दल मेंटेनन्सच्या मीटिंगमध्ये कितीदा ओरडायचं? सी विंगच्या जिन्याखाली कुणाचे ते टायर पडलेत, पावसाळा लागल्यापासून? आणि पालिकेने ड्रोनच्या भाड्यात चार माणसं घरोघर फिरवली असती, दार न उघडणाऱ्याला नोटीस दिली असती, तर काय बिघडलं असतं? फोटो आला नसता, एवढंच ना?

पाणी नुसतं ओतूही नका. अंडी भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात, कोरडी पडली तरी महिनोन्महिने जिवंत राहतात, पाणी लागलं की पुन्हा फुटतात. ब्रश घ्या आणि घासा. दर आठवड्याला. चेअरमनसाहेब, तुम्हीसुद्धा. वॉचमनला पाठवू नका, स्वतः वाका.