बिजागरी, बॉयलर आणि काका

डेक्कन क्वीनमध्ये समोरच्या काकांनी माझ्या हातातलं पुस्तक न विचारता घेतलं, शेवटची दोन पानं वाचली आणि डब्याला ऐकू जाईल असं जाहीर केलं, "बाई गाडी झाडावर घालते!" माझं फेरवाचन होतं, म्हणून काका वाचले.

पुस्तक होतं शर्ली जॅक्सनचं 'द हाँटिंग ऑफ हिल हाउस' (1959), झपाटलेल्या घराची भयकादंबरी. काका निवृत्त सिव्हिल इंजिनिअर. "यात भूत काय करतं?"

"दारं आपोआप लागतात."

"हात्तिच्या! चौकट ओळंब्यात नसेल. बिजागरीची कांडी काढायची, हातोडीनं किंचित वाकवायची, परत ठोकायची. दार ठेवाल तिथं राहतं. फार वाकवू नका, आत जात नाही मग."

संताप याचा की काका बरोबर होते. कादंबरीत भुतांचा शोध घ्यायला आलेले डॉक्टर माँटेग्यू हेच सांगतात: घर बांधणाऱ्या ह्यू क्रेननं त्याचा प्रत्येक कोन जरासा चुकवलाय, म्हणून दारं लागतात. पण कोन दुरुस्त करून एलिनॉरचं, म्हणजे त्या गाडीवाल्या बाईचं, काय होणार? बत्तीस वर्षांची बाई, 11 वर्षं आजारी आईची सेवा केलेली. आई गेली त्या रात्री तिनं भिंतीवर ठोठावलं, ते ऐकून आपण पुन्हा झोपलो की जागच आली नाही, हे तिचं तिलाच ठरवता येत नाही. भीती तिथं आहे. बिजागरीला तेल घालून ती जात नाही.

"मग घर सोडून जायचं!"

कुठं? बहिणीकडच्या खाटेवर? सज्जन, खाऊनपिऊन सुखी माणसाला भूत दिसलं तर तो सकाळी एजंटला फोन करतो. कादंबरी नवव्या पानावर संपते. स्टीफन किंगच्या 'द शायनिंग'मधला (1977) जॅक बघा. दारूपायी पोराचा हात मोडलेला, विद्यार्थ्याला मारून नोकरी घालवलेली. बर्फात अडकलेलं हॉटेल सांभाळणं हीच शेवटची संधी. तिथल्या जुनाट बॉयलरचं प्रेशर वेळच्या वेळी हातानं उतरवावं लागतं. असं काम असल्या माणसाकडे दिलं, की भूत उशिरा आलं तरी चालतं.

"सेफ्टी व्हॉल्व्ह नव्हता?" काका.

लोकांचं हेच. खुनाच्या कादंबऱ्या वाचणाऱ्याला कुणी 'काहीतरी चांगलं वाचा' म्हणत नाही. आम्हा भयकथा वाचणाऱ्यांना मात्र उपदेश, वर प्लंबिंगचा सल्ला.

"यात चांगलं माणूस कोण?"

"तसं कुणी नाही."

"मग पैसे देऊन कशाला वाचता? नातेवाईक फुकट आहेत की!"

नातेवाईक रात्री भिंतीपलीकडून हाक आल्यावर कूस बदलली का, ते कबूल करत नाहीत हो, असं मी म्हणेपर्यंत काकांनी ऑम्लेट सांगितलं होतं. दोन. दोन्ही स्वतःसाठीच.