आयर्लंड समजून घ्यायचाय? काउंटी बाजूला ठेवा, बॅरनी बघा

आयर्लंडबद्दल कुणी बोलायला लागलं की गाडी आधी काउंटीवर, म्हणजे तिथल्या जिल्ह्यांवर येते. कॉर्क, केरी, मेयो, वेक्सफर्ड. माझं स्पष्ट मत आहे की इथेच गफलत होते. 32 काउंट्या इंग्रजी सत्तेने आपल्या कारभाराच्या सोयीसाठी पाडल्या. हे काम बाराव्या शतकाच्या अखेरीस सुरू झालं आणि शेवटची काउंटी, विकलो, पार 1606 मध्ये झाली. त्याआधी त्या जमिनीवर कोण नांदत होतं, हे काउंटीच्या नकाशातून कळत नाही. बॅरनीतून कळतं.

बॅरनी म्हणजे काउंटीच्या पोटातला विभाग. अशा देशभरात सुमारे 330 आहेत. चौकट इंग्रजांचीच, पण अनेक ठिकाणी त्यांनी जुन्या गेलिक, म्हणजे मूळ आयरिश, कुळांचे मुलूख नावासकट उचलले. वेक्सफर्डच्या दक्षिण टोकाला फोर्थ आणि बार्गी या दोन बॅरनी आहेत. फोर्थ हा फोहार्ट लोकांचा मुलूख, बार्गी हा उई बारखे कुळाचा. शेजारच्या कार्लो काउंटीतही एक फोर्थ आहे, त्याच लोकांच्या नावाची. माणसं एकच, काउंट्या दोन. काउंटीवार इतिहास वाचणाऱ्याला हा धागा कधीच हाती लागत नाही.

याच किनाऱ्यावर, बॅनोच्या खाडीत, मे 1169 मध्ये रॉबर्ट फिट्झस्टीफनची नॉर्मन तुकडी उतरली. राज्य गमावलेला लेन्स्टर प्रांताचा राजा डर्मट मॅकमरो याने मदतीला बोलावलेली ही माणसं. मोबदल्यात त्याने वेक्सफर्ड आणि वॉटरफर्ड या दोन शहरांमधली समुद्रालगतची जमीन याच स्वारीतल्या हर्वी द माँटमोरन्सीला देऊन टाकली. मागोमाग वेल्स आणि नैर्ऋत्य इंग्लंडकडचे शेतकरी येऊन वसले.

आता फोर्थ-बार्गीची जमीन बघा. पूर्वेला आणि दक्षिणेला समुद्र, पश्चिमेला बॅनोची खाडी, उत्तरेला फोर्थ माउंटनची आडवी रांग. आतला मुलूख सपाट, कसदार. बाहेर जायची फारशी गरज नाही आणि बाहेरच्यांचा राबताही कमी. परिणाम असा की त्या वसाहतवाल्यांची मध्ययुगीन इंग्रजी इथे तब्बल सातशे वर्षं बोलली गेली. तिला यॉला म्हणतात. इंग्रज सेनापती क्रॉमवेलने 1649 मध्ये वेक्सफर्ड घेतलं, पुढे जुन्या कॅथलिक घराण्यांच्या जमिनी गेल्या, मालक बदलले; तरी बोली टिकली, कारण कसणारे हात बरेचसे तेच राहिले. जेकब पूल नावाच्या क्वेकर (एक ख्रिस्ती पंथ) शेतकऱ्याने आपली जमीन कसणाऱ्या कुळांकडून आणि मजुरांकडून तिचे शब्द, गाणी टिपून ठेवली. तो 1827 मध्ये वारला. त्याचा संग्रह छापून आला 1867 मध्ये, तोवर बोली जवळपास संपलेली. एका शेतकऱ्याने हे काम केलं नसतं तर आज हातात फारच थोडं उरलं असतं. मला या माणसाबद्दल फार आदर वाटतो.

1898 च्या कायद्याने स्थानिक कारभार काउंटी कौन्सिलांकडे गेला आणि बॅरनीचं काम संपलं. त्याआधी रस्त्यांचा कर बॅरनीवर बसायचा, कामांच्या मागण्या बॅरनीच्या बैठकीत यायच्या. पण आपल्याकडे तालुके झाले म्हणून पवन मावळ लोकांच्या तोंडून गेलं का? तसंच तिथेही झालं. सिनॉट, कॉड, रॉसिटर ही जुन्या वसाहतवाल्यांची आडनावं वेक्सफर्डात आजही सर्रास भेटतात.

काउंटीचा अभिमान खोटा आहे असं मी म्हणत नाही. हर्लिंग या आयरिश खेळाच्या मैदानात तो खराच असतो. पण तो अभिमान बराचसा अलीकडचा आहे, आणि त्याच्या गलक्यात बॅरनीसारखी जुनी गोष्ट हरवणं मला मान्य नाही.

फेरीने रॉसलेअर बंदरात उतरणारे बहुतेक जण तिथून थेट डब्लिन गाठतात. बंदर फोर्थ बॅरनीतच आहे, तेव्हा एक दिवस तिथेच काढा. टॅकमशेनची 1846 सालची गवती छपराची पवनचक्की बघा. लेडीज आयलंडचं तळं बघा. समुद्र आणि तळं यांच्यामध्ये वाळू-गोट्यांचा बांध आहे. पाणी तुंबून शेतात शिरू लागलं की तो फोडून पाणी समुद्रात सोडतात. ऑगस्टच्या मध्यापासून 8 सप्टेंबरपर्यंत यात्रा असते, भाविक तळ्यातल्या बेटाला पायी फेरी घालतात. आणि निघण्याआधी बॅरनींचा नकाशा फोनमध्ये उतरवून घ्या. गूगल मॅप्सवर या हद्दी दिसत नाहीत.