क्लाउड आणि डेड स्टॉक रजिस्टर

जुने मोडी कागद वाचायला संगणकाला शिकवायचं, असा आमचा प्रकल्प. मोडीला २०१४ साली युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षरयादीत, जागा मिळाली खरी, पण लेखणी न उचलता ओळीच्या ओळी ओढणाऱ्या त्या कारकुनांचं अक्षर लावायचं तर जीपीयू, म्हणजे एका वेळी ढीगभर आकडेमोड करणारी चिप, लागतो, आणि तोही तासन्‌तास. अनुदान मंजूर झालं, विभागात पेढे वाटले. पेढा तोंडात असतानाच माझी संशोधक विद्यार्थिनी म्हणाली, "मॅडम, पण हे सगळं चालवायचं कशावर?"

विभागाचा स्वतःचा एक सर्व्हर आहे. जिन्याखालच्या खोलीत असतो. खोलीला एसी आहे, एसीचा रिमोट विभागप्रमुखांच्या ड्रॉवरमध्ये आहे, ड्रॉवरला कुलूप आहे आणि विभागप्रमुख परिषदेला गेलेले आहेत. प्लगवर 'कृपया बंद करू नये' अशी चिठ्ठी चिकटवली आहे. शनिवारी फरशी पुसायला येणाऱ्या मावशी ती चिठ्ठी फाटू नये म्हणून जपून वर करतात आणि मग बटण बंद करतात.

फुकटातल्या ऑनलाइन नोटबुकाही करून पाहिल्या, म्हणजे ब्राउझरमधून उसनं यंत्र वापरायचं. आपण चहाला गेलो की तिकडे सत्र संपतं. शेवटी विद्यार्थिनीने धाकट्या भावाला वडापावच्या बोलीवर माउस हलवायला बसवलं. प्रबंधाच्या ऋणनिर्देशात त्याचं नाव गाईडच्या आधी येईल अशी मला भीती आहे.

यावर कोणीही पुणेकर म्हणेल, "अहो, परम आहे की!" आहेच. १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही सरकारी संगणक-संशोधन संस्था निघाली, १९९१ साली परम ८००० उभा राहिला, तेव्हापासून महासंगणक हा आमचा घरचा विषय आहे. आता आयसर या विज्ञानसंस्थेत परम ब्रह्म आहे, २०२४ साली जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीसाठी परम रुद्र आला. नावं ऐकूनच चपला बाहेर काढाव्याशा वाटतात. आम्हीही एका महासंगणकावर (कुठला ते राहू द्या) खातं मिळवलं आणि रांगेत उभे राहिलो.

ही रांग स्लर्म नावाचं सॉफ्टवेअर लावतं. त्याचा न्याय मोठा कडक. जास्त तास मागितले तर नंबर लांबतो. कमी मागितले तर वेळ भरताच काम असेल तिथे कापलं जातं, मग ते नव्व्याण्णव टक्के झालेलं का असेना. मागच्या आठवड्यात भरपूर वापर केला असेल तर फेअरशेअरच्या हिशेबात या आठवड्यात तुम्ही आणखी मागे. छोटं काम मात्र दोन मोठ्या कामांच्या फटीत घुसू शकतं. त्याला बॅकफिल म्हणतात, आणि भरलेल्या एसटीत "जरा सरका हो" म्हणत टेकणाऱ्या माणसाला ते वेगळं शिकवावं लागत नाही. आमचं काम छोटं नव्हतं. विद्यार्थिनीची आई रोज फोनवर विचारायची, "लागला का गं नंबर?"

राहिला क्लाउड, म्हणजे कंपन्यांचे संगणक इंटरनेटवरून भाड्याने घेणं. मोठ्या कंपन्यांची डेटा सेंटरं पुण्या-मुंबईकडेच आहेत, म्हणजे आमचे कागद फार तर घाट उतरणार होते. दरपत्रक उघडलं. यंत्राचा तासाचा दर वेगळा, साठवणुकीचा वेगळा. डेटा आत न्यायला बहुधा पैसे नाहीत, आपलाच डेटा बाहेर काढायला आहेत. स्पॉट नावाची स्वस्त यंत्रंही मिळतात, पण मालकाला गरज पडली की तो ती काढून घेतो. एका कंपनीच्या नियमात त्यासाठी दोन मिनिटांची आगाऊ सूचना आहे. दोन मिनिटांत आमच्याकडे कुलूपसुद्धा सापडत नाही.

तरी ठरवलं, आणि फाइल घेऊन लेखा विभागात गेले.

"एकूण बिल किती येईल, मॅडम?" भाऊसाहेबांनी विचारलं.

"वापरू तेवढं."

"म्हणजे किती वापरणार?"

"ते मॉडेल कसं शिकतंय त्यावर."

भाऊसाहेबांनी पेनला टोपण लावलं. "तीन कोटेशनं लागतील. तुलनात्मक तक्ता लागेल, एल-वन, म्हणजे सगळ्यात कमी दराचा, कोण ते काढायला. मेक, मॉडेल, वॉरंटी हे रकाने कोरे चालत नाहीत."

मी म्हटलं, क्रेडिट कार्डाने भरून नंतर परतावा घेतला तर? शेजारच्या टेबलावरचा कॅल्क्युलेटर थांबला.

"पैसे आहेत नॉन-रिकरिंगला. म्हणजे वस्तू पाहिजे. वस्तू आली की डेड स्टॉकला, म्हणजे टिकाऊ वस्तूंच्या रजिस्टरला, चढणार. तुमच्या क्लाउडवर नंबर कुठे घालायचा?"

"वस्तू नाहीये ती. भाड्याने आहे."

"मग ऑडिटला दाखवायचं काय?"

जीपीयूची मेमरी किती हवी, याचं उत्तर मी पाठ करून गेले होते. याचं नव्हतं. भाऊसाहेबांना हसणं सोपं आहे, पण उपयोगिता प्रमाणपत्रावर शंका निघाली की खुलासा त्यांनाच लिहावा लागतो. शिवाय चुकून रात्रभर चालू राहिलेलं यंत्र केवढं बिल करू शकतं, हे त्यांना दरपत्रक न वाचताच उमगलं होतं. आमच्यातल्या कित्येक संगणकतज्ज्ञांना ते बिल आल्यावर उमगतं.

तोवर मार्च लागला. न खर्चलेले पैसे परत जाणार म्हटल्यावर भल्याभल्यांची तत्त्वं सैल होतात. सरकारी खरेदीच्या जेम पोर्टलवरून एक वर्कस्टेशन, म्हणजे जीपीयूवाला दणकट संगणक, मागवलं. मेक, मॉडेल, वॉरंटी, सगळे रकाने तुडुंब. ३१ तारखेच्या आत बिल पास. यंत्र मात्र खोक्यातच, कारण त्याला पंधरा अँपियरचा पॉइंट हवा आणि विद्युत विभागाचं नवीन वर्षाचं बजेट अजून यायचं होतं. पॉइंट आला, तेव्हा शिपायाने पांढऱ्या ऑइलपेंटने नंबर घातला. डाव्या पत्र्यावर हातभर जागा मोकळी होती, पण तिथून नंबर दिसणार नाही म्हणून त्याने तो समोरच्या जाळीवर घातला. पंखा तिथूनच हवा ओढतो. वर्षाच्या आकड्याने आणि तिरक्या रेघेने निम्मी भोकं बुजली. पहिल्याच रात्री यंत्र असं घुरघुरलं की वॉचमनने मला फोन केला.

पुढच्या आठवड्यात भाऊसाहेब पडताळणीला आले. रजिस्टर उघडून नंबर जुळवला, बरोबरची खूण केली, यंत्राला एक चक्कर मारली. विद्यार्थिनी उठून उभी राहिली. पडद्यावर मोडीच्या ओळी सरकत होत्या. भाऊसाहेबांनी त्या बराच वेळ पाहिल्या आणि हलक्या आवाजात विचारलं,

"मॅडम, याच्यावर टॅली चालेल का हो?"