रेलिगेशन म्हणजे क्लबचा मृत्यू? कुणाच्या मृत्यूचं खापर कुणावर

सध्या फुटबॉलबद्दल एक फॉरवर्ड मेसेज जोरात फिरतोय, की रेलिगेशन (सीझनच्या शेवटी तळाला राहिलेल्या क्लबची खालच्या डिव्हिजनमध्ये रवानगी) म्हणजे क्लबचा मृत्यू, चाहते सोडून जातात, वर आलेली टीम वर्षभरात परत खाली जाते, त्यापेक्षा बंद लीग (जिथे हे वर-खाली जाणंच नसतं) बरी, तिथे क्लब तरी सुरक्षित राहतात. चार वाक्यं आणि चारही अर्धवट.

मृत्यू म्हटलं की हमखास इंग्लंडच्या लीड्स क्लबचं नाव निघतं. 2004 ला खाली, 2007 ला आणखी खाली, परत प्रीमियर लीगला, म्हणजे तिथल्या सगळ्यात वरच्या डिव्हिजनला, यायला 2020 उजाडलं. खरंय सगळं, पण आधी काय झालं आणि नंतर काय ते बघा ना राव. 2001 ला हे चॅम्पियन्स लीगची (युरोपातल्या अव्वल क्लबांची स्पर्धा) सेमीफायनल खेळले, पुढेही दरवर्षी तिथे जाणारच असं धरून कर्ज काढून पैसे उडवले, जमलं नाही, आणि 2002 मध्येच स्टार डिफेंडर रिओ फर्डिनांडला मँचेस्टर युनायटेडला विकावं लागलं, म्हणजे खाली जायच्या दोन वर्षं आधीच घरातली भांडी बाजारात गेली होती. आणि बरी नावाचा क्लब (नाव बरी, हालत वाईट) तर 2018-19 ला चौथ्या डिव्हिजनमधून प्रमोशन मिळवून वर गेला आणि ऑगस्ट 2019 ला लीगमधूनच हाकलला गेला, कारण मालकाला पैशाची सोय दाखवता आली नाही. वर जाऊन मेला की तो! याचं काय करायचं?

फटका बसतो, नाही कोण म्हणतंय. टीव्हीचे पैसे आटतात, ऑफिसातली, कॅन्टीनमधली माणसं घरी जातात, त्यांचा तर काहीच दोष नसतो. पण प्रीमियर लीगमधून पडलेल्याला पॅराशूट पेमेंट (पडण्याचा धक्का सोसायला पैसे) मिळतं, टीव्हीच्या पैशातून प्रीमियर लीगच्या प्रत्येक क्लबला जो समान वाटा मिळतो त्याच्या पहिल्या वर्षी 55 टक्के, दुसऱ्या वर्षी 45, आणि प्रीमियर लीगमध्ये एकापेक्षा जास्त सीझन काढले असतील तर तिसऱ्या वर्षी 20. उलट माझी तक्रार अशी की या पैशामुळे पडलेला क्लब खालच्या डिव्हिजनमध्ये दादागिरी करतो आणि ज्यांना पॅराशूट नाही ते त्याच्याशी बरोबरी करायच्या नादात स्वतः कर्जात जातात. फॉरवर्डवाल्याने हे लिहिलं असतं तर मी गप्प बसलो असतो.

चाहते सोडून जातात म्हणे. संडरलंड 2017 आणि 2018 ला लागोपाठ दोनदा पडलं, तिसऱ्या डिव्हिजनमध्ये, आणि त्याच वर्षी नाताळच्या दुसऱ्या दिवशी ब्रॅडफर्डविरुद्ध मॅचला 46,039 लोक. पुढे काही बोलायची गरज आहे का.

वर आलेले परत पडतात, हा मुद्दा मात्र मान्य. 2023-24 आणि 2024-25, दोन्ही सीझनला वर आलेले तिन्हीच्या तिन्ही खाली गेले. दरी वाढलीये. पण ब्राइटन 2017 ला आलं, ब्रेंटफर्ड 2021 ला, पुढच्या वर्षी पडले का? आणि लुटन 2009 ला पार नॉन-लीगमध्ये (वरच्या चार डिव्हिजनच्याही खाली) होतं, 2023 ला प्रीमियर लीगमध्ये, मग पुन्हा लागोपाठ दोनदा पडलं, तरी ज्या ग्राउंडवर पाहुण्या चाहत्यांना चाळीसारख्या घरांच्या खालून आत जावं लागतं तिथे आर्सेनल, लिव्हरपूल खेळून गेले.

आता बंद लीगची सुरक्षितता. बालेवाडीत खेळणारा एफसी पुणे सिटी कुठल्या लीगमध्ये होता? आयएसएलमध्ये (इंडियन सुपर लीग), आणि तिथे तेव्हा रेलिगेशन नव्हतंच. 2019 ला क्लब बंद झाला, जागा हैदराबादला गेली. आणि गोव्याचं धेंपो, पाच वेळा देशाचं चॅम्पियन, 2015 ला आय-लीगमधून (रेलिगेशन असलेली देशातली दुसरी लीग) पडलं, दुसऱ्याच वर्षी सेकंड डिव्हिजन जिंकून परत वर आलं. आलं, पण खेळलं नाही. आय-लीगला दुय्यम करून आयएसएल वर ठेवायचा आराखडा समोर आला, तो न पटल्याने आधी साळगावकर आणि स्पोर्टिंग हे गोव्याचेच क्लब बाहेर पडले आणि मग धेंपोही. म्हणजे रेलिगेशनमुळे नाही.