गुठळी हलवण्याचे कोल्हापुरी उपाय

जबड्याच्या पार टोकाला, जिथे ब्रश पोचत नाही पण जीभ दिवसभर फेऱ्या मारते, तिथे ठणका लागला तर घाबरू नका. आणि दंतवैद्याकडे तर इतक्यात मुळीच जाऊ नका. अक्कलदाढ साधारण 17 ते 25 या वयात वर येते. त्या वयात तिची मुळं पुरती तयार नसतात, भोवतालचं हाडही फार कडक झालेलं नसतं. त्यामुळे काढायची वेळ आलीच तर ती सोपी निघते आणि जखम लवकर भरते. एवढ्या सरळ कामात आपल्याला काय गोडी? चाळिशी उलटू द्या. मुळं हाडात रुतू द्या, सोबतीला थोडी शुगर, थोडं बीपी येऊ द्या. मग बघू.

तोवर घरगुती इलाज आहेतच. लवंग ठेवून बघा, पण तिच्यावर थांबू नका, कारण ती खरंच थोडं काम करते. तिच्या तेलातल्या युजेनॉलमुळे जागा तेवढ्यापुरती बधिर होते. काम करणाऱ्या उपायात चर्चेला वाव नसतो. त्यापेक्षा कोपऱ्यावरच्या पानपट्टीवाल्याला विचारा. "मावा धर की त्या बाजूला. मुंग्या आल्या की दुखणं गप." अर्धवट वर आलेल्या दाढेवर हिरडीचा एक पदर असतो. त्याखाली भाताचं शीत, शेंगदाण्याचा कण, शेवेचा तुकडा मुक्कामाला जातो, जंतू माजतात, हिरडी सुजते आणि त्या सुजेवर वरची दाढ प्रत्येक घासाला आपटते. त्यात सुपारी, चुना आणि तंबाखूचा लगदा भरला म्हणजे बेत पूर्ण. तोंड दोन बोटांइतकंही उघडेना, तरी "गारठ्यानं आवळलंय" म्हणता येतं.

इथे दोन वाक्यं सरळ लिहितो. सूज जबड्याखाली, गळ्याकडे उतरली, ताप भरला, थुंकी गिळवेना किंवा श्वास अडू लागला, तर वाचणं थांबवा आणि रात्र असो की दिवस, कोल्हापुरातलं सीपीआर हे सरकारी रुग्णालय, नाहीतर जवळचं जे मोठं रुग्णालय असेल ते गाठा. तिथे चेष्टा चालत नाही.

हं. तर दंतवैद्याकडे जायच्या आधी घरच्यांचं मत घ्यायला विसरू नका. एक काका सांगतील, वरची दाढ काढली की डोळे जातात. दाढेच्या संवेदनेची नस वेगळी, दृष्टीची नस वेगळी, हे त्यांना समजावत बसू नका. त्यांच्या ओळखीच्या एका माणसाला दाढ काढल्यावर चष्मा लागला होता. तो तेव्हा पंचेचाळीस वर्षांचा होता हे ते सांगणार नाहीत, तुम्हीही विचारू नका. आत्याबाई म्हणतील, "मी तर दाढ काढून घेतलो आणि तसाच लक्ष्मीपुरीतनं बाजार करून आलतो." आत्याबाईंची दाढ सरळ उभी, हलणारी आणि चिमट्यात आपसूक आलेली होती. तुमची आडवी आहे.

आडवी म्हणजे किती आडवी, ते ओपीजीत, म्हणजे अख्ख्या जबड्याच्या एक्स-रेत कळतं. हनुवटी टेकवून, पुढच्या दातांत एक खुंटी धरून उभं राहायचं, यंत्र डोक्याभोवती फिरतं आणि कानापासून कानापर्यंतचा जबडा एका फोटोत येतो. त्यात तुमची दाढ हाडात निवांत आडवी पडलेली दिसेल, डोकं शेजारच्या दाढेत खुपसून, बांध कोरत सरकणाऱ्या भावकीसारखी. तिच्या मुळांच्या खालून एक पुसटशी दुहेरी रेघ जाते. तो खालच्या ओठाला आणि हनुवटीला संवेदना देणाऱ्या नसेचा मार्ग. डॉक्टर त्या रेघेकडे बराच वेळ बघतील, कारण मुळं तिला चिकटून असली तर ओठ काही काळ, क्वचित कायमचा, बधिर राहू शकतो. ते हे सगळं तुम्हाला समजावून सांगत असतील तेव्हा तुम्ही मोबाइल बघा. शेवटी एवढंच विचारा, "एकूण किती होतील?"

मग तारीख ठरवायची. शहाणी माणसं श्रावण धरतात. घरात तसंही मटण नसतं, कुणी आग्रह करत नाही, मऊ भात आणि ताक यांवर महिना काढायची मानसिक तयारी असते. तुम्ही आखाड धरा. रोज कुणाकडून तरी जेवणाचं बोलावणं, गल्लीत संध्याकाळी सातपासून खोबरं भाजल्याचा वास. आखाड चुकलाच तर गावची म्हाई, म्हणजे मटणाच्या जेवणावळींची जत्रा बघा. आणि ठणका ऐन जोरात असताना खुर्चीत जाऊन बसा, "आत्ताच्या आत्ता उपटा" म्हणून हट्ट धरा. पू झालेल्या, सुजलेल्या जागी भुलीचं इंजेक्शन नीट चढत नाही, म्हणून आधी औषधांनी सूज उतरवू या, असं डॉक्टर सांगतील. ते त्यांचं पैसे काढायचं तंत्र समजा.

काही गोळ्या चालू आहेत का, या प्रश्नाला ठाम "नाही" म्हणा. रक्त पातळ करायची गोळी हृदयाची आहे, दाढेचा तिच्याशी काय संबंध? किंवा त्याहून भारी, कुणाला न विचारता चार दिवस आधी स्वतःच ती बंद करून टाका. नेहमीच्या भुलीत दाढ काढायची असेल तर थोडं खाऊन या म्हणतात, तुम्ही नेमके उपाशी जा. सोबत एक माणूस आणा म्हटलं की तालमीतले सहाजण घेऊन जा. बाहेरच्या बाकावर ते तुमच्यापेक्षा मोठ्यानं कण्हतील.

प्रत्यक्ष काढण्याविषयी सांगण्यासारखं फार नाही. इंजेक्शन टोचतं, ओठ जाडजूड झाल्यासारखा वाटतो. मग दाब कळतो, दुखत नाही. हिरडी उघडून, थोडं हाड कोरून, दाढेचे तुकडे करून ती काढतात आणि टाके घालतात. कडकड आवाज येतो, तो कवटीतून येतो म्हणून मोठा वाटतो. तुमचं कर्तृत्व सुरू होतं ते खुर्चीतून उतरल्यावर.

जखमेवर कापसाची बोळी ठेवलेली असते. ती 30 ते 45 मिनिटं दाबून धरायची आणि गप्प बसायचं. याच वेळी फोन उचला.

"काय भावा, झालं काय?"

"हो. हाई हुहत हाई."

"आं? हुपरीला हाईस? तिकडं काय करालाईस?"

समजावून सांगा. नाहीच समजलं तर बोळी हातात काढून सांगा. एकदा काढलीच आहे तर निरखून बघा, लाल दिसली की घाबरा, पुन्हा आत घाला, पाच मिनिटांनी पुन्हा काढा. चमचाभर रक्त तोंडभर थुंकीत मिसळलं की भांडंभर दिसतं. ते दृश्य जमेल तितक्या लोकांना व्हिडिओ कॉलवर दाखवा.

आता मुख्य शत्रू. दाढ निघालेल्या खळग्यात रक्त भरतं आणि गोठतं. हरभऱ्याएवढी ती गुठळी उघड्या हाडावर आणि नसांच्या टोकांवर झाकण म्हणून बसते, तिच्यातूनच पुढे नवं मांस भरतं. तिला काहीच लागत नाही, फक्त आपल्या जागी राहू द्यावं लागतं. म्हणजे 24 तास चूळ नाही, थुंकणं नाही, आणि काही दिवस स्ट्रॉ नाही, धूर नाही, तंबाखू नाही. कोल्हापूरच्या माणसाला थुंकू नको म्हणणं हा सरळसरळ डिवचण्याचा प्रकार आहे. तेव्हा दवाखान्याच्या पायरीवरच सुरुवात करा. थुंकताना गाल आत ओढले जातात आणि तोंडात जी ओढ तयार होते, तेवढी गुठळी उचकटायला पुष्कळ. तरी ती तगली तर रंकाळ्यावर जा आणि शहाळं घ्या. शहाळं पौष्टिक, डॉक्टरांनीच पातळ घ्यायला सांगितलेलं, आणि नळी आयती घातलेली. पेल्यात ओतून घ्यायची कल्पना मनात येईल, ती झटका. फुटबॉलचा हंगाम असेल तर शाहू स्टेडियमवर जाऊन पिपाणी फुंका. दाढ वरची असेल तर हे खास गुणकारी. वरच्या दाढांच्या मुळांशेजारीच सायनसची पोकळी असते, म्हणून तर नाकसुद्धा जोरात शिंकरू नका म्हणतात. आणि व्यायाम बंद करू नका. चार-पाच दिवस जोर-बैठका थांबवल्या तर वस्ताद काय म्हणतील? डॉक्टरांचं म्हणणं असं की खासबागेचं कुस्तीचं मैदान 1912 पासून जागेवर आहे, आठवडाभर तुम्ही नसलात तर कुठे जाणार नाही. डॉक्टर बहुतेक बाहेरगावचे असावेत.

पण हे सगळे फुटकळ उपाय. खरी ताकद स्वयंपाकघरात आहे. पहिल्या दिवशी गार आणि मऊ खा म्हणतात. दूध, दही-भात, आइस्क्रीम, गार झालेली पेज. दुपारपर्यंत तुम्ही ते पाळता. संध्याकाळी कुणीतरी डबा घेऊन येतं.

"तांबडा नको म्हणाल्यात ना डॉक्टर? मग पांढरा आणलाय. त्यात तिखट कुठं असतंय?"

या वाक्यानं शहरातल्या किती गुठळ्या गारद झाल्या असतील. वाटी पुढे येते. वरून दुधाळ, निष्पाप, तुपाची एक कड. वाफ नाकात शिरते आणि दोन तास बधिर असलेला तो गाल अचानक जिवंत झाल्यासारखा वाटतो. पांढरा रस्सा तिखट नसतो हे कुणी सांगितलं, देव जाणे. मिरी असते, आलं-लसूण असतं, कधी हिरवी मिरचीही. बरं, तिखट सोडा. तो कडकडीत असतो, आणि गरम पडलं की गोठलेलं रक्त पुन्हा पाझरतं. आणि गरमही सोडा, निवू दिला म्हणू. त्यात खसखस असते आणि तीळ असतात, कितीही बारीक वाटले तरी तळाला रवाळ राहतात. वाटीला चमचा लावून तो शेवटचा घोट ओढताना, ओढताना म्हणजे गाल आत घेऊन फुर्र करून, खसखशीचे दोन दाणे नेमके उजव्या खळग्याकडे निघतात. खसखशीच्या दाण्याला कोल्हापुरात पत्ता विचारावा लागत नाही. मग जीभ तिथे जाते. जिभेनं नाही निघालं की काडी. काडीनं नाही निघालं की जोरात चूळ. बस्स. एका वाटीत चार कामं झाली, आणि ओठ अजून सुन्न असेल तर स्वतःचाच ओठ चावून पाचवंही.

भाकरी कुस्करून घेतलीत तर आणखी उत्तम. दुसऱ्या दिवशी सकाळी मिसळ, "फक्त कट घेतो, फरसाण नाही" असं म्हणून. फरसाण येतंच. भडंगाबद्दल मी काही लिहीत नाही, त्यातला शेंगदाणा समर्थ आहे.

शेकाचंही उलट करायचं. पहिल्या दिवशी बर्फ फडक्यात गुंडाळून गालावर बाहेरून, 15-20 मिनिटं ठेवायचा, मग थोडं थांबायचं. गरम शेक आणि मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या, त्याही हळू, दुसऱ्या दिवसापासून. पण आजी पहिल्याच रात्री तव्यावर ओवा तापवून पुरचुंडी करते, आणि आजीला नाही म्हणायची आपल्यात पद्धत नाही. सकाळी आरशात गाल बघा आणि डॉक्टरांना शिव्या द्या.

सूज कधी मनावर घ्यायची, हे चुकवायला विशेष कौशल्य लागतं. ती 48 ते 72 तासांनी सगळ्यात जास्त असते आणि मग उतरते. तेव्हा तिसऱ्या दिवशी फुगलेला गाल बघून घर डोक्यावर घ्या. उलट, कमी होत आलेलं दुखणं तिसऱ्या-चौथ्या दिवशी एकदम वाढलं, कानात आणि कानशिलात कळा जाऊ लागल्या, तोंडाला घाण वास आला आणि खळग्यात पांढुरकं हाड दिसलं, तर निश्चिंत राहा, "होतंय असं" म्हणा. याला ड्राय सॉकेट म्हणतात. दवाखान्यात गेलात तर खळगा धुऊन आत औषधाची पट्टी ठेवतील. त्या पट्टीला लवंगेचा वास येईल, कारण तिच्यात बहुतेक वेळा युजेनॉलच असतं. बऱ्याचदा त्याच दिवशी आराम पडतो. म्हणूनच जायचं नाही. चार रात्री जागून काढल्याशिवाय सांगायला काय उरणार?

गोळ्या दुखणं थांबलं की थांबवा. अँटिबायोटिकचा उरलेला डोस शेजारच्यांच्या दाताला होईल. त्यात मेट्रोनिडाझोल असेल तर पाकिटावर दारू टाळा असं लिहिलेलं असतं. पण मित्र दाढ निघाल्याच्या आनंदात बसायला बोलावतात, आणि ते पाकीट कुणी वाचत नाही.

सातव्या दिवशी टाके काढायला बोलावलेलं असतं. विरघळणारे असतील तर प्रश्न नाही, रेशमाचे असतील तर ते आपले आपण जात नाहीत. तुम्ही अर्थात जाऊ नका. आरसा, मोबाइलची बॅटरी आणि नेलकटर घेऊन बसा. अगदीच नाही जमलं तर डॉक्टरांचा नंबर कागदावर आहे. रात्री अकराच्या सुमाराला लावा, ते उचलतात. टाक्यांचं नंतर बोला. आधी विचारा, "डॉक्टर, रस्सा सोडला बघा तुमच्या शब्दाखातर. पर सुक्कं चालंल काय?"