झाकून ठेवलेली कन्व्हर्टिबल म्हणजे मुदत ठेव नव्हे

"मर्यादित संख्येत निघालेली स्पोर्ट्स कन्व्हर्टिबल सेकंडहँड घ्या, चालवू नका, कव्हर घालून ठेवा. किलोमीटर कमी म्हणजे गाडी नवीच. अशा गाड्या परत बनत नाहीत, म्हणून किंमत फक्त वर जाते. नंबराची पाटी असली की गाडी अस्सल. पार्ट कंपनी पन्नास वर्षं देते. टप गळला तर कापड बदलायचं, संपलं."

कन्व्हर्टिबल, म्हणजे टप उघडता येणाऱ्या गाड्यांबद्दलचा हा मेसेज कित्येक महिने फिरतोय. आता माझ्या जवळच्या एका माणसाने त्याच्या भरवशावर विसार द्यायची तयारी केली आहे, म्हणून गप्प बसवत नाही. सहा वाक्यं आहेत. त्यातलं पहिलं जिवावर बेतू शकतं, तेव्हा आधी तेच घेतो.

"चालवू नका, कव्हर घालून ठेवा"

उभ्या गाडीची झीज थांबते हा समजच चुकीचा आहे. लोखंडाचं लोखंडावर घासणं थांबतं, एवढंच. रबर, ऑइल, पेट्रोल आणि बॅटरी यांचं वय वाढतच राहतं. कुठल्याही गाडीचं सर्व्हिस बुक उघडा. मुदत दोन प्रकारे दिलेली असते, किलोमीटरमध्ये आणि महिन्यांत, आणि पुढे लिहिलेलं असतं: जे आधी होईल ते. अख्ख्या मेसेजला हे चार शब्द पुरेसे आहेत. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, म्हणून ते साधारण दोन-तीन वर्षांनी बदलायचंच, गाडी दहा किलोमीटर चाललेली असो की दहा हजार. इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडणारा रबरी पट्टा, म्हणजे टायमिंग बेल्ट, त्याचंही तसंच. बीएमडब्ल्यू झेड 1 घ्या. 1989 ते 1991 या काळात 8,000 गाड्या निघाल्या. तिच्या अडीच लिटरच्या सहा सिलिंडर इंजिनाला टायमिंग बेल्ट आहे. तो तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. बेल्ट दिसायला नवा असतो, दात शाबूत असतात, आणि आतलं रबर वाळलेलं असतं. कमी चाललेल्या गाडीत हा धोका जास्त, कारण "चाललीच नाही, बेल्ट कशाला बदलायचा" असं म्हणून मालक पुढे ढकलत राहतो.

आणि टायर. इथे मात्र थोडं थांबून वाचा.

पोर्शे कॅरेरा जीटी ही अशाच जातीची गाडी. 1,270 निघाल्या, 5.7 लिटरचं व्ही 10 इंजिन, काढून ठेवता येणारा टप, आणि गाडी घसरताना सावरणारी ईएसपी ही यंत्रणा नाही. 30 नोव्हेंबर 2013 रोजी कॅलिफोर्नियात सांता क्लॅरिटा इथे ही गाडी आदळली. अभिनेता पॉल वॉकर आणि गाडी चालवणारे त्यांचे मित्र, दोघेही गेले. पोलिसांच्या तपास अहवालात मुख्य कारण वेग असंच आहे: ताशी 72 किलोमीटरची मर्यादा असलेल्या रस्त्यावर ताशी सुमारे 130 ते 150 किलोमीटर. ते लपवायचं कारण नाही. पण त्याच अहवालात आणखी एक नोंद आहे. टायर नऊ वर्षांहून जुने होते, आणि त्यामुळे गाडीच्या हाताळणीवर परिणाम झाला असू शकतो. टायर झिजून गुळगुळीत झाले होते असं नव्हे, त्यांचं वय झालं होतं. कव्हरखाली ठेवलेल्या गाडीचे टायर नेमके असेच असतात: नक्षी पूर्ण खोल, रबर दगडासारखं.

तपासायला दोन मिनिटं लागतात. टायरच्या बाजूवर डॉट (DOT) या अक्षरांनंतर एक कोड असतो, त्याचे शेवटचे चार आकडे पाहा. 2316 म्हणजे 2016 सालचा तेविसावा आठवडा. पूर्ण कोड बरेचदा एकाच बाजूला असतो आणि ती बाजू आत गेलेली असते, म्हणून गाडीखाली टॉर्च घेऊन वाकावं लागतं. चारही चाकांचे आकडे लिहून घ्या. नक्षीच्या खाचांत आणि कडेच्या वळणावर केसासारख्या बारीक भेगा दिसतात का पाहा. सहा वर्षांच्या पुढचे टायर असतील तर नव्या संचाचा खर्च किमतीतून वजा करा आणि तो संच बसेपर्यंत गाडी जोरात चालवू नका. एकाच जागी उभी राहून टायर चपटे झाले असतील तर पहिले पंधरा-वीस किलोमीटर स्टीअरिंग थरथरतं. त्यानंतरही थरथर गेली नाही तर टायरचा सांगाडाच वाकलेला आहे, बॅलन्सिंग करून काही होणार नाही.

"महिन्यातून दहा मिनिटं स्टार्ट करून ठेवतो" हे उत्तरही ऐकू येतं. ते न करणं बरं. थंड इंजिनात जळण्यातून पाणी तयार होतं आणि ते ऑइलमध्ये आणि सायलेन्सरमध्ये साचतं. कूलंटचा काटा मधे आला तरी ऑइल तापलेलं नसतं. दोन-तीन आठवड्यांतून एकदा अर्धा तास रस्त्यावर चालवा, ब्रेक दाबा, एसी लावा, सगळे गिअर वापरा. ते जमणार नसेल तर बॅटरीला मेंटेनर, म्हणजे ती भरलेली ठेवणारा छोटा चार्जर, लावून गाडीला हात न लावलेला बरा. पूर्ण भरलेली बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवते. 12 व्होल्टवर पडून राहिली की काही आठवड्यांत कामातून जाते.

वर्षानुवर्षं उभी गाडी विकणारा तुमच्यासमोर चावी फिरवून दाखवत असेल तर त्याला थांबवा. आधी जुनं पेट्रोल काढायचं. स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडायचं. क्रँक पुलीच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्यावरच्या चाकाच्या, बोल्टला पाना लावून इंजिन त्याच्या नेहमीच्या फिरण्याच्या दिशेने हाताने दोन पूर्ण फेरे फिरवायचं. अडलं तर तिथेच थांबायचं. नंतर पेट्रोल पंपाचा आणि इग्निशनचा फ्यूज काढून ऑइल प्रेशरचा दिवा विझेपर्यंत स्टार्टर मारायचा, आणि मगच प्लग आणि फ्यूज लावून इंजिन चालू करायचं. हे टाळून केलेली घाई अंगाशी येते, कारण कोरड्या बेअरिंगवर पहिले काही सेकंदच महागात पडतात.

प्लास्टिकचं, हवा न खेळणारं कव्हर तर घालूच नका. आत ओल कोंडते आणि कापडी टपावर बुरशी धरते. आणि टप लावून ठेवा, दुमडून नाही. दुमडलेलं कापड महिनोन्महिने राहिलं की घडी कायमची बसते, कापड आखडतं आणि मग पुढच्या काचेच्या चौकटीपर्यंत पोचत नाही.

"किलोमीटर कमी म्हणजे गाडी नवीच"

यात अर्धं सत्य आहे, ते मान्य करावं लागतं. बाजारात कमी किलोमीटरला जास्त पैसे मिळतात. पण ते मिळतात दरवर्षीच्या सर्व्हिसच्या बिलांसकट. नुसत्या मीटरला नाही. वीस वर्षांत चार हजार किलोमीटर आणि एकही बिल नाही, अशा गाडीचे टायर, बेल्ट, सगळे होज, ब्रेक कॅलिपरची सिलं, पेट्रोलच्या नळ्या आणि क्लचचा हायड्रॉलिक सिलिंडर हे सगळं खर्चात धरा. वर्षाला दोन-तीन हजार किलोमीटर चाललेली, बिलांची फाइल जाडजूड असलेली गाडी मी कधीही आधी बघेन.

"परत बनत नाहीत, म्हणून किंमत फक्त वर जाते"

कॅडिलॅक एल्डोराडोचं उदाहरण पाहा. ती स्पोर्ट्स गाडी नव्हे, पण मुद्दा तोच. 1976 साली कंपनीने ती "शेवटची अमेरिकन कन्व्हर्टिबल" म्हणून खपवली. त्या वर्षी 14,000 निघाल्या, शेवटच्या 200 एकसारख्या पांढऱ्या. लोकांनी त्या घेऊन गॅरेजमध्ये कोंडल्या. 1984 मध्ये कंपनीने पुन्हा एल्डोराडो कन्व्हर्टिबल बाजारात आणली आणि फसवल्याची भावना झालेले मालक कोर्टात गेले. हजारो लोक एकच गाडी एकाच हेतूने जपून ठेवतात तेव्हा जपून ठेवलेली गाडी दुर्मीळ राहत नाही. संख्या कमी असणं आणि मागणी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

"नंबराची पाटी असली की अस्सल"

ही पाटी रजिस्ट्रेशनची नव्हे, मर्यादित आवृत्तीतला गाडीचा क्रमांक सांगणारी. ती दोन स्क्रूंवर किंवा गोंदावर बसते. निघते आणि दुसऱ्या गाडीवर लागते. चॅसिस नंबर काचेखाली, दाराच्या चौकटीत आणि कागदांवर जुळतो का ते पाहा, आणि तो नंबर खरोखर त्या आवृत्तीचा आहे का हे कंपनीकडून लेखी घ्या. शिवाय पाटी लावली म्हणून आतली गाडी बदलत नाही. पोर्शेने 550 स्पायडरच्या पन्नाशीनिमित्त 2004 साली 1,953 बॉक्स्टर एस काढल्या. रंग खास, पाटी खास. पण इंजिनाच्या इंटरमीडिएट शाफ्टचं (आतल्या मधल्या दांड्याचं) बेअरिंग साध्या बॉक्स्टरसारखंच, आणि ते गेलं की इंजिन जातं. ऑइल फिल्टर कापून आतल्या कागदाच्या घड्यांत धातूचे कण आहेत का ते बघायची पद्धतही तीच.

"पार्ट कंपनी पन्नास वर्षं देते"

हे एका गाडीबद्दल होतं. बीएमडब्ल्यूने झेड 8 साठी पन्नास वर्षांच्या सुट्या भागांचा साठा ठेवण्याचं सांगितलं होतं. मेसेज लिहिणाऱ्याने ते सगळ्यांना चिकटवलं. झेड 8 च्याही बाबतीत साठा असणं वेगळं आणि परवडणं वेगळं. 5,703 गाड्या निघाल्या. इंजिन बीएमडब्ल्यूच्याच त्या काळच्या एम 5 या गाडीचं, तेव्हा तिथे अडचण कमी. पण ॲल्युमिनियमची चौकट, निऑनचे दिवे, रंग जुळवून दिलेला हार्ड टप (वरून बसवायचा कडक टप) हे दुसऱ्या कुठल्या गाडीतून येत नाही. खड्ड्यात जोरात आदळली की पुढच्या शॉकॲब्जॉर्बरची वरची बैठक फुगते, म्हणून बॉनेट आणि फेंडरमधली फट दोन्ही बाजूंना सारखी आहे का ते मोजा. हार्ड टप गाडीसोबत मिळतोय का, आणि तो बसवून दाखवतात का, हेही विचारा. नुसता "घरी ठेवलाय" चालणार नाही.

"टप गळला तर कापड बदलायचं"

पाणी बहुतेक वेळा कापडातून येत नाही. टपाच्या मागच्या कडेला पन्हळ असते. तिच्यातलं पाणी दोन बाजूंच्या नळ्यांतून मागच्या चाकांच्या पुढे खाली पडतं. पानं आणि माती साचून नळी तुंबली की पाणी उलटं फिरतं. माझदा एमएक्स-5 मध्ये ते दाराखालच्या पत्र्यात शिरतं आणि पत्रा आतून सडतो, मग ती दहाव्या वाढदिवसानिमित्त काढलेल्या 7,500 गाड्यांपैकी एक असली तरी. वर आलेल्या 2004 सालच्या बॉक्स्टरच्या पिढीत पाणी सीटखालच्या इमोबिलायझरच्या (चोरी रोखणाऱ्या यंत्रणेच्या) डब्यापर्यंत पोचतं आणि गाडी चावीच ओळखत नाही. कापड नवं घातलं तरी यातलं काहीच सुटत नाही. नळी तार घालून साफ करू नका, फाटते किंवा जोडातून निसटते. मऊ प्लास्टिकची पट्टी किंवा जाड नायलॉनची दोरी वापरा.

विसार देण्याआधी टप उघडा, पन्हळीत दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा लिटर पाणी हळूहळू ओता आणि मागच्या चाकांपुढे खाली बघा. दोन्हीकडून सारखी धार यायला हवी. एका बाजूने नुसते थेंब पडत असतील तर त्या बाजूची सीट पुढे सरकवा, गालिचा उचला आणि खालच्या फोमवर तळहात दाबा.